आधी मावशीला

मुकुंदवाडी,
११ ऑगस्ट २०२४

गीता,

जय भीम. तो मी सगळ्यांनाच घालते, म्हणून तुलाही घातला. त्यात माया शोधू नको.

तुझा खोका पोचला. उत्पला कामावर गेली होती, म्हणून मी सही करून घेतला अन् मीच फोडला. माझ्या घरी आलेला खोका मी फोडणार, त्यात चोरी कसली? आत निळा स्वेटर, अन् वर तुझी चिठ्ठी, "तिकडं बर्फ पडतो म्हणे. हा आतून घालायचा, कोट वरून." मी बसले विचार करत. तिकडं म्हणजे कुठं? शेंद्र्याच्या कंपनीत कधीपासून बर्फ पडायला लागला? संध्याकाळी पोरगी आली. तिनं आधी स्वेटरकडं पाहिलं, मग माझ्याकडं, अन् म्हणली, "आई, मी सांगणारच होते. कंपनी मला दीड वर्षासाठी कोरियाला पाठवतीय. ऑक्टोबरात."

सांगणारच होती म्हणे! पोटची पोरगी देश सोडून चालली, अन् मला ते तुझ्या लोकरीवरून कळतंय. तुला कधी कळालं होतं? खरं सांग. एवढा पूर्ण बाह्यांचा स्वेटर काय चार दिवसांत होत नाय. म्हणजे जून-जुलैपासून तुम्ही दोघी गपचूप बसला होता.

पत्ता खोक्यावरचा घेतला. तुझा नंबर तिच्याकडं मागायला माझी जीभ रेटत नाय. अन् फोनवर मी भांडले असते, तू नेहमीसारखी गप्प बसली असतीस, अन् तुझ्या गप्प बसण्यानं मीच खोटी पडले असते. त्यापेक्षा कागद बरा.

सगळं आपली आई गेली, तिच्या पुण्यानुमोदनाला सुरू झालं, मला म्हायती आहे. तीन वर्षांमागं तू आलीस, मागच्या रांगेत बसलीस, वंदना झाली की जेवण न करता निघालीस. मी तुझ्याशी बोलले नाय, पण उत्पला तुझ्यामागं रिक्षापर्यंत गेली. मी खिडकीतून बघत होते. तिनं मोबाइल काढला, तू तुझा काढलास. त्या दिवसापासून आमच्या घरात "मावशी म्हणते" सुरू झालं. मावशी म्हणते केसाला हे लाव, मावशी म्हणते तो पोरगा बरा नव्हता. कोणता पोरगा? मला तर पोरगा होता हेच ठाऊक नव्हतं!

आता तुमच्या त्या कोरियन सिरियली. रविवारी दुपारी ती टीव्ही लावते, तू तिकडं पिंपरीत लावतीस, अन् फोनवर "एक, दोन, तीन, चालू!" करून दोघी एकदम बटण दाबता. मग तीन तास हसणं न् रडणं. मी मधून गेले की ती आवाज कमी करते. मी काय परकी हाय का?

मी असलं बघत नाय. येता-जाता जेवढं दिसतं तेवढंच. पण लई खोटं दाखवतात, हे सांगते. मालकाचं पोरगं म्हणे कामगार पोरीच्या प्रेमात पडतं, तिच्या बुटाची नाडी बांधतं. मी तीस वर्षं पॅकिंगच्या लाइनीवर उभी राहिले, मालकाचं पोरगं दोनदा पाहिलं, दोन्ही वेळा काचेच्या पलीकडून. अन् त्याची आई त्या पोरीला हाटेलात बोलावते, पाकीट पुढं सरकवते, माझ्या पोराला सोड म्हणते, अन् नाय म्हणलं की पेलाभर पाणी तोंडावर फेकते. सहाव्या भागात एकदा अन् अकराव्यात पुन्हा. त्या हाटेलवाल्यानं दुसऱ्या खेपेला तिला पेला द्यायलाच नव्हता पाहिजे.

तिला तिच्या आईकडून जाऊ दे, गीता. एवढंच लिहायचं होतं.

लीला

२९ ऑगस्ट

गीता,

तुझं कार्ड आलं. तीस वर्षांनी बहीण लिहिते काय, तर "अक्का, तू चुकीच्या सिरियलीपासून सुरुवात केलीस. ती श्रीमंताची सोडून दे, खाणावळवाली बघ." बस्स, दोन ओळी! मी इतकं पानभर सुनावलं, त्याचं काहीच नाय. तू अजून तशीच आहेस. आपण भांडायला जावं तर ही चहाचं आधण ठेवते.

बघितली. कुणी सांगितलं म्हणून नाय, गुडघ्याला शेक देत बसायचंच होतं, म्हणून. उत्पला कामावर गेली की मी हिंदीतलं लावते. सोळा भाग नऊ दिवसांत संपले.

बरी आहे. खाणावळवाली बाई मला आवडली. ती सगळ्यांवर खेकसते अन् ताटात मात्र सगळ्यात मोठा तुकडा वाढते. आपली आई अशीच होती ना? त्यांच्यात कुणी गेलं की फोटोपुढं जेवण मांडतात, हेही बघितलं. अन् ते मोठ्यापुढं पेला घेताना तोंड वळवून पितात, दोन्ही हातांनी वस्तू देतात, हे मला पटलं. उत्पला मला दोन्ही हातांनी चहा देते, तेव्हा मला वाटायचं की कप गरम हाय म्हणून.

पण चुका आहेत. एवढी खाणावळ चालवते अन् भांडी घासताना एकदाही दाखवली नाय. शेवटच्या भागात सगळ्यांनी सगळ्यांना माफ केलं, तेही एकाच दुपारी. मला ते पटलं नाय.

आणखी एक. हिंदीत सगळ्या आयांना एकाच बाईचा आवाज दिलाय. श्रीमंताच्या सिरियलीत जी पाणी फेकते, तिचाच आवाज खाणावळवालीला! मी पहिले दोन भाग तिच्यावर भरवसाच ठेवला नाय. म्हणलं, ही आता पेला उचलते.

उत्पलाचं कौतुक तुला माझ्याकडून ऐकायची गरज नाय, तरी लिहिते. परवा तिच्या कंपनीतला कोरियन साहेब घरी जेवायला आला होता. ती त्याच्याशी त्यांच्या भाषेत बोलत होती. सिरियली बघून बघून उचलली, मग क्लास लावला, परीक्षा दिली, दुभाषी झाली. मला एक अक्षर कळालं नाय, पण मी दारात उभी राहून ऐकत होते. एकदा तिनं "इमो" असं म्हणलं अन् हसली. मी नंतर विचारलं की हा इमो कोण? म्हणली, "इमो म्हणजे मावशी. साहेबाला सांगत होते, कोरियन मला मावशीमुळं आलं."

भाकरी मी थापल्या, पिठलं मी केलं, अन् नाव तुझं निघालं. त्यानंतर मला जेवण गेलं नाय.

लीला

१५ सप्टेंबर

गीता,

आता हद्द झाली.

उत्पला काल म्हणते, "आई, तिकीट सव्वीस ऑक्टोबरचं आहे, मुंबईहून. मी दोन दिवस आधी पुण्याला जाईन, मावशीकडून परस्पर मुंबई गाठेन. मावशी इकडं येणार नाही, तुझ्यामुळं. मग तिला भेटायचं कधी?" माझ्यामुळं! जसं काय मी दारात काठी घेऊन बसलीय.

हे तू शिकवलंस का? खरं सांग. शिकवलं नसशील तरी गप्प बसलीस, अन् तुझं गप्प बसणं म्हणजे काय असतं ते मला चांगलं म्हायती आहे. पोरगी परदेशी निघणार, अन् उंबरा कुणाचा? तुझा! तिच्या कपाळाचा मुका कोण घेणार? तू! अन् मी इथं बसस्टँडवर पुण्याच्या गाडीला हात हलवायचा, जशी काय ती आठवड्याच्या सुट्टीला चाललीय.

मला जळकी म्हण. व्हय, जळते मी. माझी पोरगी हसते कशी, हे मला भिंतीपलीकडून ऐकायला लागतं, अन् तुला समोरून. तुला तिच्या साहेबाचं नाव म्हायती, मैत्रिणींची नावं म्हायती, तिला कशाची भीती वाटते ते म्हायती. मला तिचा चपलेचा नंबर म्हायती आहे, तोही जुना निघाला.

तू म्हणशील, मी तिला सतरा दिवस सांभाळलं. सांभाळलंस. मी कधी नाय म्हणलं? पण सतरा दिवस म्हणजे जन्म नव्हं. नामांतरासाठी क्रांती चौकात बसलो होतो आम्ही बाया. संध्याकाळपर्यंत येते म्हणून दहा महिन्यांची पोरगी तुझ्या मांडीवर दिली. पोलिसांनी उचललं, जेलात घातलं, अन् सोडलं नाय. त्यात माझा काय दोष? मी काय जत्रेला गेले होते? ज्या विद्यापीठाच्या कमानीखालून तुझी लाडकी पदवी घेऊन आली, तिथं बाबासाहेबांचं नाव लागावं म्हणून मी आत होते. हे तिला कधी सांगितलंस का? नाय. तिला फक्त मावशीची मांडी म्हायती.

तिला तुझ्या घरून जाऊ देणार नाय मी. सांगून ठेवते.

लीला

६ ऑक्टोबर

गीता,

तू उत्तर पाठवलं नाहीस. बरोबर केलंस. मागचं पत्र मी टाकलं अन् पेटीत हात घालून परत काढता येतंय का बघितलं. येत नाय.

आज काय झालं ते लिहिते.

तुम्ही दोघी ती दोन आयांची बघताय ना? एक आई तान्ही पोरगी ठेवून जाते, अन् वीस वर्षांनी तिला न्यायला येते. दुसरीनं तिला वाढवलेलं असतं. ती मीही बघते, आता लपवत नाय. उत्पला म्हणली, "आई, मावशीला आज पाहुणे आहेत. माझ्याबरोबर बघतेस?" तू नव्हतीस म्हणून मला विचारलं. तरी मी हो म्हणले. तिनं माझ्यासाठी हिंदी लावलं. पण भाकरी व्हायच्या होत्या, म्हणून मी आतून ऐकत होते.

तर दोघी आया समोरासमोर येतात. आवाज तोच एक, मी तुला लिहिलं होतं तो. म्हणजे दोघींनाही तीच बाई बोलतीय. आतून कसं कळणार कोणती कोणती? एवढ्यात त्यातली एक रडत म्हणली, "एक बार मुझसे पूछ तो लेती. मैं रोकती थोड़ी." माझ्या आतून काहीतरी निघालं बघ. मी परातीतून हात काढला अन् मोठ्यानं ओरडले, "बरोबर बोललीस बाई! आई आहेस तू तिची! तुला विचारायला नको?" तशीच पिठाच्या हातानं बाहेर आले. उत्पला हसायला लागली. "आई, ही ती नाही. ही वाढवणारी आहे."

पडद्यावर तीच रडत होती, वाढवणारी. जन्माची आई पोरीचा हात धरून दाराकडं निघाली होती, अन् ताठ चालत होती. मी ते चालणं ओळखलं, गीता.

मी आत गेले. तव्यावरची भाकरी जळाली होती, ती काढली. उत्पलाला वाटलं, हसली म्हणून मला राग आला.

आता खरं लिहिते. तुझ्यापुढं खोटं लिहून उपयोग नाय, कारण तुला आधीपासून म्हायती आहे. मला सोडत होते. तिसऱ्याच दिवशी. ज्यांची लेकरं लहान आहेत त्यांनी, पुन्हा आंदोलनात येणार नाय, अशा कागदावर सही करा अन् घरी जा, म्हणले. साळूबाईनं सही केली, अजून पाच-सात जणींनी केली. मी केली नाय. सगळ्यांना वाटलं की लीला किती पक्की! पेपरात नाव आलं. मीही तेच सांगत राहिले, की नामांतरासाठी. ते खोटं नाय. पण ते सगळंही नाय.

मला तिथं बरं वाटत होतं. तेव्हाच्या माझ्या दिवसात काय होतं, आठव. पहाटे पाणी, मग लाइन, मग घर, मग सासू, कडुबाची आई, मग पोरगी रडतीय. कंपनीत मला नंबरनं हाक मारायचे. अन् तिथं बाया म्हणायच्या, लीलाबाई, तुम्ही बोला. लीलाबाई, ते गाणं म्हणा. मी बोलायचे अन् शंभर जणी ऐकायच्या. पोरीच्या वेळेला माझी छाती गच्च व्हायची, लुगडं भिजायचं. मी भिंतीकडं तोंड करून पिळून काढायचे अन् पुन्हा येऊन बोलायचे. चौदा दिवस जास्तीचे मी स्वतःहून घेतले.

साळूबाई बाहेर आल्यावर पहिली तुझ्याकडंच गेली असणार, शेजारीच तर होती. म्हणजे तुला तिसऱ्या दिवसापासून ठाऊक होतं. तू माझ्या नवऱ्याला, कडुबाला सांगितलं नाहीस. आईला सांगितलं नाहीस. तीन वर्षं उत्पला तुझ्याशी रोज बोलते, तिलाही सांगितलं नाहीस. रोज संध्याकाळी ती घरी आली की मी तिचं तोंड बघायचे, आज कळालं का हिला म्हणून. मला तुझी तीच चीड यायची. तू सांगितलं असतंस तर मला तुला शिव्या देता आल्या असत्या.

अन् मी सुटून आले त्या दुपारचं. दार उघडं होतं. तू पाळण्याजवळ बसली होतीस अन् पोरीला छातीशी लावलं होतंस. तुला दूध नव्हतं, कुठून असणार? नुसती चोखत होती अन् डोळे मिटले होते तिनं. मी हात पुढं केले. तिनं माझ्याकडं बघितलं अन् तोंड तुझ्या पदरात घातलं. तेव्हा मी तुला तो शब्द बोलले. तो पुन्हा लिहीत नाय. मूल होत नाही म्हणून तू दवाखान्यांच्या पायऱ्या झिजवत होतीस, हे माहीत असून बोलले. म्हणून तर बोलले.

माझं दूध तोवर आटलं होतं. हे तुला कधी सांगितलं नाय. त्यानंतर पोरगी माझ्या अंगाला कधी लागलीच नाय.

चौदा जानेवारीला विद्यापीठाला नाव मिळालं. वस्तीत पेढे वाटले, मी मिरवणुकीत पुढं होते. त्याच आठवड्यात तुमचा टेम्पो पिंपरीला निघाला. तुझे मालक अप्पाराव निरोप घ्यायला आले तर मी मोरीत जाऊन बसले. एक बार पूछ तो लेती. तू मला कधी विचारलं नाहीस, "अक्का, सही का नाही केलीस?" म्हणून. मीही तुला विचारलं नाय, जाते का म्हणून.

लीला

१३ ऑक्टोबर

गीता,

धम्मचक्राच्या दिवशी, काल, उत्पलाला सगळं सांगितलं. सहीचं, सतरा दिवसांचं, तुला बोललेल्या शब्दाचंसुद्धा. मला वाटलं ती उठून पुण्याला निघून जाईल. ती बादलीतले कपडे पिळत राहिली. मग म्हणली, "आई, तू तेव्हा माझ्यापेक्षाही लहान होतीस." बाकी काही नाय. मग उठून कपडे वाळत घातले. माफ केलं का, ते तिनं सांगितलं नाय अन् मी विचारलं नाय.

तू इकडं ये. पंचवीसला ये, शिवनेरी बस मिळते. पोरगी या घरून जाईल, पण तू असशील तर. तुझ्याकडून जायचं असेल तर मी येते पिंपरीला, तेही कबूल, मात्र मला तिथं पाहुणीसारखं बसवू नको. स्टँडवर मी येईन. तू मला ओळखशील का माहीत नाय, आईच्या वेळेपेक्षा मी लई जाड झालीय.

एक आधी सांगते. मी जळणं सोडलंय असं समजू नको.

लीला

३ नोव्हेंबर

गीता,

पोचल्याचा तुझा निरोप मिळाला. चार दिवस राहिलीस अन् डबा विसरून गेलीस. उत्पलाच्या कपाटात ठेवलाय.

समोर होतीस तेव्हा बोलता आलं नाय, म्हणून परत कागद घेतला. पोरगी निघाली तेव्हा आधी माझ्या पाया पडली अन् मग तुझ्या. त्याचं मला किती बरं वाटलं हे सांगायची लाज वाटते. मग तुझ्या गळ्यात पडून रडली, माझ्या नाय. तेही मी मोजलं. माझ्या स्वभावाला औषध नाय.

पण लिहायचंय ते दुसऱ्या दिवशीचं. दुपारी आपण दोघी मेथी निवडत बसलो होतो. विमान उतरायची वेळ झाली होती. दोघींचे मोबाइल मधी ठेवलेले, अन् दोघी मेथीकडं बघत होतो, मोबाइलकडं कुणीच बघत नव्हतं. वाजला तो तुझा.

माझ्या हातातली जुडी खाली पडली. मनात म्हणलं, झालं. एवढं सगळं बोलून, सांगून, पाया पडून, जमिनीवर पाय ठेवला की पहिला फोन मावशीलाच. मी तुझ्याकडं बघितलं. तू हात पुढं केला नाहीस. मेथीचं एक-एक पान तोडत राहिलीस. फोन वाजून वाजून बंद झाला. मग माझा वाजला.

"आई, पोचले गं. मावशी फोन का उचलत नाही? बरी आहे ना?" मी तिला काय सांगणार होते? तू माझ्यासमोर दोन फुटांवर बसली होतीस, अन् तुझे डोळे भरले होते. मी म्हणले, मावशी आंघोळीला गेलीय. तिनं मला सगळं सांगितलं. थंडी कशी आहे, खोली कशी आहे, साहेब घ्यायला आला होता. दहा मिनिटं बोलली. तीस वर्षं मला हेच पाहिजे होतं, आधी मला. मिळालं. अन् पूर्ण वेळ मी तुझ्या हातांकडं बघत होते, काय बोलले तेसुद्धा आठवत नाय.

हे तू दुसऱ्यांदा केलंस. पहिल्यांदा पोरीला माझ्याकडं सोडून पिंपरीला गेलीस तेव्हा केलं होतंस, अन् मी ते समजून घ्यायला तीस वर्षं लावली.

आता ऐक. आज रविवार. दुपारी तिचा फोन तुला येईल, नवीन सिरियल लावायची म्हणून. पहिल्या घंटीला उचल. मग मला लाव. अन् एक, दोन, तीन म्हणशील ते जरा हळू म्हण, मला बटण सापडायला वेळ लागतो.

तुझी अक्का